वैमानिकाची झोप आणि डॉक्टरची डुलकी

गोंदिया जिल्ह्यात बिरसी नावाचे गाव आहे. आजूबाजूला धानाच्या बांध्या आणि बांध्यांच्या मधोमध विमानाची धावपट्टी, असा तिथला देखावा. ही धावपट्टी इंग्रजांनी १९४० साली दुसऱ्या महायुद्धासाठी बांधली. युद्ध आटोपले, इंग्रज गेले, धावपट्टी मात्र एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे फिरत राहिली. आधी सार्वजनिक बांधकाम, मग औद्योगिक विकास महामंडळ आणि २००५च्या अखेरीस विमानतळ प्राधिकरण. आज तिथे नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटची मुलेमुली विमान चालवायला शिकतात, आणि मार्च २०२२मध्ये तिथून प्रवासी विमानही उडाले. जवळच गोंदिया शहर. तिथे २०१६पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडलेले केटीएस रुग्णालय आहे, बायकांसाठी बाई गंगाबाई रुग्णालय आहे. म्हणजे एकाच जिल्ह्यात साधारण एकाच वयाची, बारावीला एकच फिजिक्स घोकलेली दोन प्रकारची मुले राहतात. दोघांच्याही हाती माणसांचे जीव द्यायचे आहेत. त्यातल्या एकाने झोप न घेता कामावर येऊ नये असा कायदा आहे. दुसऱ्याने झोप घेऊन कामावर येऊ नये असा कायदा नाही, पण रिवाज आहे.

डॉक्टरांच्या सुखासमाधानावर हल्ली फार बोलले जाते. मन शांत ठेवा, छंद जोपासा, श्वासाकडे लक्ष द्या, कृतज्ञतेची वही लिहा, असे बरेच काही सांगितले जाते. या सगळ्याला माझा विरोध नाही. वही लिहायला वेळ सापडला तर ती जरूर लिहावी. पण सुख हे डॉक्टरने फावल्या वेळात स्वतःच्या मनात पिकवायचे पीक आहे, ही समजूतच मला चुकीची वाटते. डॉक्टरच्या सुखाचा पहिला पत्ता वॉर्डातल्या ड्यूटीच्या तक्त्यावर असतो. मनाचा नंबर त्यानंतर लागतो. हे कोणा आध्यात्मिक गुरूने सांगितलेले नाही. ते विमानवाल्यांनी, तेही विमाने पाडून पाडून, शिकलेले शहाणपण आहे.

वैमानिकाचे नियम बघा. उड्डाणाआधी बारा तास दारूला शिवायचे नाही. वर्षाला १,००० तासांपेक्षा जास्त उडायचे नाही. आठवड्याची सलग विश्रांती आधी ३६ तासांची होती, ती नव्या नियमांनी ४८ केली, आणि रात्रीच्या वेळी सहाऐवजी दोनच वेळा विमान उतरवायची मुभा ठेवली. शिकाऊ वैमानिकाला तर उड्डाणाआधी स्वतःचीच उलटतपासणी घ्यायला शिकवतात: आजारी आहेस का, औषध घेतलेस का, ताण आहे का, दारू, थकवा, मन ठिकाणावर आहे का. एका प्रश्नाचे उत्तर अडले तरी त्याने जमिनीवर राहायचे. आता डॉक्टरचे नियम. केंद्र सरकारच्या १९९२च्या निवासी डॉक्टर योजनेत लिहिले आहे की आठवड्याला ४८ तास काम, आणि एका वेळी सलग १२ तासांपेक्षा जास्त नाही. नियम उत्तम आहे, फक्त तो पाळायचा असतो हे बहुधा कळवायचे राहून गेले. सोमवारी सकाळी आठला कामाला लागलेला पहिल्या वर्षाचा रेसिडेंट मंगळवारी रात्री आठला छत्तीस तास पुरे करतो आणि बुधवारी रात्री त्याचा आठवड्याचा कोटा संपतो. गुरुवारपासून रविवारपर्यंत तो जे करतो ते कागदोपत्री बहुधा समाजकार्य असावे. २०२३च्या पदव्युत्तर नियमावलीत राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने आकडाच काढून टाकला आणि कामाचे तास ‘वाजवी’ असावेत एवढेच म्हटले. वाजवी किती ते युनिटचे सर ठरवणार, आणि सरांचा हिशेब ते स्वतः हाउसमन होते त्या साली थांबलेला. मग २०२४मध्ये आयोगाच्याच कृतिदलाने डॉक्टर-विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याचा अभ्यास करून आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली, रोज सात-आठ तास झोप आणि आठवड्याला एक सुट्टीही सुचवली. बत्तीस वर्षांत आपण ४८वरून ७४वर आलो, आणि तरीही ती सुधारणाच ठरली, यावरून प्रत्यक्षात काय चालले असेल याचा अंदाज यावा.

झोपेचे एवढे काय घेऊन बसलात, असे विचारणारे असतात. इकडच्या माणसाला जागरणाचे वावडे तसेही नाही. दिवाळीनंतर मंडई भरली की झाडीपट्टीचे नाटक रात्री सुरू होते ते उजाडेपर्यंत चालते, आणि थंडीत घोंगडी पांघरून अख्खे गाव ते पाहते. पण नाटक पाहून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी निजतो. त्याला कोणी ओपीडीत बसवून दीडशे रुग्ण तपासायला लावत नाही. १९९७ साली ‘नेचर’ नियतकालिकात डॉसन आणि रीड या दोघांनी एक छोटा पण झोंबणारा प्रयोग छापला. सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकाच चुकतो, आणि चोवीस तास जागला तर ०.१ टक्के दारू प्यायल्याइतका. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवायची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. याचा अर्थ असा की ड्यूटीचा सतरावा तास संपवणारा डॉक्टर कायद्याच्या भाषेत गाडीवर बसायच्याही लायकीचा उरत नाही, मात्र मानेच्या शिरेत नळी घालायला तो चालतो. पोलीस तोंडासमोर धरतात त्या यंत्रात जागरण उमटत नाही, एवढीच त्याची सोय. २००४ साली अमेरिकेत लँड्रिगन आणि सहकाऱ्यांनी अतिदक्षता विभागातल्या इंटर्नांचे दोन प्रकारचे वेळापत्रक करून पाहिले. लांबलचक जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त निघाल्या. त्या चुका करणारी मुले तीच होती, शिक्षण तेच, हुशारी तीच. फरक फक्त उशीला डोके टेकण्याचा होता.

आणि या सगळ्यावर उपाय म्हणून संस्था काय करते? कार्यशाळा घेते. विषय ‘ताणतणाव व्यवस्थापन’. वेळ दुपारी दोन ते चार, म्हणजे नाइट करून सुटलेल्यांना नेमकी झोप लागण्याची. उपस्थिती सक्तीची. प्रमुख पाहुणे पावणेतीनला येतात. दीपप्रज्वलन, धन्वंतरीपूजन, शाल-श्रीफळ, परिचय, परिचयातही पाहुण्यांचे अठरा अठरा तास काम करण्याचे कौतुक. मग पाहुणे सांगतात की स्वतःसाठी वेळ काढा. समोर बसलेल्यांनी त्या सल्ल्याची अंमलबजावणी मागच्या तीन रांगांत आधीच सुरू केलेली असते. प्राणायामाच्या वेळी डोळे मिटायला सांगितले की सभागृहातला निम्मा श्रोतृवर्ग उघडायचे विसरतो आणि पाहुण्यांना वाटते, ध्यान लागले. प्राणायाम चांगलाच आहे. पण तक्ता बदलायला खर्च येतो आणि कार्यशाळेला समोशांवर भागते, हे संस्थांना कळले आहे. डॉक्टरचा थकवा हा त्याचा स्वभावदोष ठरवला की तक्ता निर्दोष सुटतो, हा या कार्यशाळांचा खरा लाभ.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप भक्तीचा आहे. डॉक्टर म्हणजे देवमाणूस, वैद्यकी म्हणजे सेवा. सेवेला घड्याळ नसते. १ जुलैला डॉक्टर दिनाचे संदेश येतात त्यांत हात जोडलेले असतात, स्टेथोस्कोपभोवती तेजोवलय असते. ठीक आहे, देव म्हणा. पण मग आपण देवाशी कसे वागतो तेही पाहा. आषाढीच्या आधी पंढरपुरात पांडुरंगाचा पलंग शेजघरातून काढून ठेवतात, मूर्तीच्या पाठीशी मऊ लोड देतात आणि दर्शन चोवीस तास खुले करतात. भक्तांसाठी देव जागतो. ही म्हणजे विठोबाची इमर्जन्सी ड्यूटी. पण यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, गरम पाण्याने स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून काढा देतात, पलंग परत आत येतो आणि रोजची शेजारती सुरू होते. अठ्ठावीस युगे विटेवर उभ्या असलेल्याचीही पोस्ट-ड्यूटी ऑफ आपल्या पूर्वजांनी ठरवून ठेवली, तीही सक्तीची. शिवाय आषाढी एकादशीला भगवंत झोपी जातात ते थेट कार्तिकीला उठतात, म्हणजे चार महिन्यांची रजा भरपगारी. तेव्हा डॉक्टरला देव म्हणायला हरकत नाही. पण देवाच्या सेवाशर्ती लागू करणार असाल तर.

याच आक्षेपाची गंभीर बाजूही आहे. लोक म्हणतात, मग बंग दांपत्य कसे काम करते? प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३पासून हेमलकशात कसे राहिले? त्यांनी तास मोजले का? नाही मोजले. पण ती माणसे कुठे जायचे, कोणता आजार हाती घ्यायचा आणि कसा घ्यायचा हे स्वतः ठरवून गेली होती. जे स्वतः निवडले त्याचा शीण आणि जे वर लिहून आले त्याचा शीण यांची जात वेगळी असते. तरीही शरीर दोघांचे सारखेच, त्याला ध्येय वाचता येत नाही. डॉ. अभय बंग यांना वयाच्या ४४व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातून ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक निघाले. मराठी वाचकांनी ते घराघरांत वाचले, चालायला जाऊ लागले, तेल कमी केले. ज्यांच्यासाठी त्यातला धडा सर्वांत निकडीचा होता ते मात्र त्या वेळी ड्यूटीवर असावेत.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. ‘आमच्या वेळी आम्ही बहात्तर बहात्तर तास उभे असायचो, आम्हाला काय झाले?’ हा प्रश्न वरिष्ठ डॉक्टर ज्या आवाजात आणि ज्या रक्तदाबाने विचारतात त्यातच बरेचसे उत्तर असते. राउंडला केसपेपर भिरकावणारे सर जन्मतः तसे नव्हते. त्यांच्या आईला विचारा, लहानपणी गुणी होते. बरे, ज्या पद्धतीची ही थोरवी गायची तिचा उगम कुठे? रुग्णालयातच मुक्काम ठोकून अहोरात्र शिकण्याची रेसिडेन्सी शल्यचिकित्सेत रुजवली ती जॉन्स हॉपकिन्सच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. माणूस असामान्य शल्यविशारद, यात शंका नाही. पण भूल देण्याचे प्रयोग स्वतःवर करता करता त्यांना कोकेनचे व्यसन लागले, ते सोडवायला मॉर्फिन दिले, आणि मॉर्फिन पुढे आयुष्यभर सोबत राहिले. आज गोंदियापासून गोव्यापर्यंतची पोरे ज्या वेळापत्रकावर तरून जायला धडपडतात त्याचा मूळ आराखडा करणाऱ्याला ते निव्वळ चहावर पेलायचे नव्हते, ही बारीकशी गोष्ट परंपरेच्या कौतुकात निसटते. शिवाय त्या काळी रात्री उठून करण्यासारखे होते तरी काय? आज एका खाटेशी व्हेंटिलेटर, तीन पंप, चार तासांनी गॅस, दर तासाला लघवीचे माप, आणि वर त्या साऱ्याची पोर्टलवर नोंद. तास तेवढेच धरले तरी त्यांत कोंबलेले काम कितीतरी वाढले आहे.

तिसरा आक्षेप मात्र खरा वजनदार आहे, आणि त्याला टोलवून चालणार नाही. धुके पडले की विमान रद्द होते. प्रसूतीच्या कळा रद्द होत नाहीत. धान कापणीत सर्प चावला तर त्याला परवा या म्हणता येत नाही. केटीएसच्या दारात देवरी-सालेकशाचाच नव्हे, सीमेपलीकडच्या बालाघाटचाही रुग्ण उभा असतो. डॉक्टर निजला तर रुग्ण दुसऱ्याच्या हाती जाणार, आणि हात बदलताना माहिती गळणार. अमेरिकेने २००३मध्ये आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली, २०११मध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना सलग १६ तासांचे कुंपण घातले, आणि २०१७मध्ये ते कुंपण काढून पुन्हा २४ तासांवर आणले. कारण मोठ्या चाचण्यांत लवचीक, लांब पाळ्यांच्या रुग्णालयांत रुग्ण जास्त दगावले असे आढळले नाही. हे कबूल करायलाच हवे. नुसते तास कापले की रुग्ण आपोआप बरे होतात, असे नाही. पण या चाचण्याही ८० तासांच्या आत झालेल्या आहेत, हे आपल्याकडे त्या फडकावताना कोणी सांगत नाही. तिथला वाद ८०चे ८० कसे वाटायचे हा आहे. आपल्याकडे तो शंभराच्या पुढे सुरू होतो.

आणि हात बदलताना माहिती गळते, तर गळती बुजवावी. माणूसच बदलू नये हा उपाय कसा? बिरसीच्या विमानात गुरू आणि शिष्य सुकाणू एकमेकांकडे देतात तेव्हा ‘आय हॅव कंट्रोल’, ‘यू हॅव कंट्रोल’ असे स्पष्ट शब्दांत म्हणतात, उलट म्हणवून घेतात. विमान कोणाच्या हातात आहे याबद्दल हवेत गैरसमज परवडत नाही. आपल्या वॉर्डात रुग्ण सोपवताना काय म्हणतात? ‘दहा नंबरचं जरा बघून घे रे.’ काय बघायचे, कधी बघायचे, आणि बघून काय करायचे, हे दहा नंबरलाच ठाऊक, आणि तो बेशुद्ध. नऊ रुग्णालयांत रुग्ण सोपवण्याची ठरावीक पद्धत शिकवून पाहिली तर चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, असा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला आहे. म्हणजे ही शिकता येणारी कला आहे. शिवाय आपण विमानवाल्यांकडून उसने घेत नाही असेही नाही. १९३५मध्ये बोइंगचे नवे बॉम्बर एका महत्त्वाच्या चाचणीत पडले, कारण निष्णात वैमानिक एक खटका काढायला विसरला. त्यातून वैमानिकांची चेकलिस्ट जन्मली. ती शस्त्रक्रियेच्या टेबलाशी आणणाऱ्यांत पुढे होते डॉ. अतुल गवांदे, ज्यांच्या वडिलांचे गाव यवतमाळ जिल्ह्यातले. जागतिक आरोग्य संघटनेची ती यादी आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, हे २००९मध्ये छापून आले. वऱ्हाडाच्या लेकाने यादी आणली, आपण ती भिंतीवर डकवली. पण ती ज्या घरातून आणली त्या घरात शेजारीच झोपेचा नियमही टांगलेला होता, तो आणायला हात भरून गेले होते.

खरे म्हणजे उड्डाण रद्द होण्याचा मुद्दा नीट पाहिला तर माझ्या बाजूचा आहे. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाल्यावर डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणे हजारोंनी रद्द झाली, विमानतळांवर बॅगांचे डोंगर उभे राहिले आणि सरकारला काही नियमांत तात्पुरती सूट द्यावी लागली. तेव्हा शहाणपणाचे घर विमानवालेही नाहीत. पण त्या गोंधळात एक गोष्ट लख्ख दिसली: वैमानिक झोपले तर किती वैमानिक कमी पडतात हे देशाला एका आठवड्यात कळले. डॉक्टर झोपत नसल्यामुळे किती डॉक्टर कमी पडतात हे आपल्याला कधीच कळत नाही. रिकाम्या जागा त्यांच्या जागरणाने भरल्या जातात, आणि भरलेली जागा कोण मंजूर करणार? ज्याचे काम रद्द करता येत नाही त्याला जास्त जागवावे, हा निष्कर्ष उलटा आहे. ज्याचे काम रद्द करता येत नाही त्याच्या जागी दुसरा हजर पाहिजे, एवढेच त्यातून निघते.

आता समजा, झोप मिळाली. झोपलेला डॉक्टर सुखी झाला का? नाही, तो फक्त जागा झाला. भरपूर झोपूनही आयुष्यभर वैतागलेली माणसे कोणत्याही कार्यालयात खिडकीपलीकडे बसलेली दिसतात. समाधानाला आणखी काहीतरी लागते, आणि ते काय याचा एक छान पुरावा मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांवरच्या २००९च्या पाहणीत आहे. ज्यांना आपल्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण अशा कामाला निदान २० टक्के वेळ मिळत होता त्यांच्यात मनाने जळून गेलेल्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्के; ज्यांना तेवढाही मिळत नव्हता त्यांच्यात ५४. वीस टक्के म्हणजे पाच दिवसांतला एक. सगळे काम मनासारखे मिळावे असे कोणी म्हटलेच नाही, पाचातला एक दिवस. कोणाला तो शिकवण्यात हवा असेल, कोणाला संशोधनात, कोणाला म्हाताऱ्या रुग्णाशी निवांत बोलण्यात. निवांत शब्द जपून वापरला पाहिजे. २०१७च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात डॉक्टर एका रुग्णाला सरासरी किती वेळ देतो ते काढले, तर स्वीडनमध्ये २२ मिनिटांहून जास्त आणि भारतात सुमारे दोन. दोन मिनिटांत रुग्ण आत येतो, बसतो, पिशवीतून जुने कागद काढतो, आणि ‘एक सलाईन लावून द्या साहेब’ म्हणतो, तोवर पुढचा आत आलेला असतो. यात डॉक्टरला आपण काही केले असे वाटायला जागा कुठे? त्याने कोणाला बरे केलेले नसते, फक्त रांग पुढे सरकवलेली असते.

ती जागा कशी दिसते याचे माझ्या मते सर्वांत मोठे मराठी उदाहरण डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे आहे. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला हा माणूस १९७६मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. अशा नेमणुकीला आपल्याकडे शिक्षा म्हणतात. लाल विंचू चावलेली मुले आणि शेतकरी तिथे डोळ्यांदेखत मरत होते, आणि शहरातल्या पुस्तकांत त्याचे उत्तर नव्हते. त्यांनी रुग्णांजवळ बसून, नाडी-रक्तदाब लिहून ठेवून, हृदय कसे आणि केव्हा खचते ते पाहिले. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध वापरले आणि १९८६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर लिहिले. पूर्वी शंभरातले चाळीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण एका टक्क्यावर आले. झोपेच्या बाबतीत त्यांना कोणी आदर्श म्हणणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. त्या केंद्रावर त्यांच्याकडे त्यांचा स्वतःचा असा एक प्रश्न होता. गोंदियात अशा प्रश्नांचा दुष्काळ नाही: सिकलसेल आहे, हत्तीपाय आहे, हिवताप आहे, बांधीतला साप आहे. इथल्या एखाद्या वैद्यकीय अधिकाऱ्याला आठवड्यातला एक दिवस यातल्या एका प्रश्नाच्या मागे लागायला मोकळा द्या. सध्या तो दिवसही त्याच्याकडे आहेच. फक्त त्या दिवशी त्याला अमुक कार्यक्रमाचा अहवाल तमुक नमुन्यात पाच वाजेपर्यंत पाठवायचा असतो.

या सगळ्यात आणखी एक मौज आहे. वैमानिकाला उडायला दरवर्षी वैद्यकीय दाखला लागतो: डोळे, कान, हृदय, सगळे तपासून. तो दाखला देतो डॉक्टर. तपासणारा रात्री झोपला होता का, त्याचा रक्तदाब किती, त्याने सकाळी काही खाल्ले का, हे विचारायचे फॉर्ममध्ये रकानाच नाही. आणि प्रवासीही विमानात गप्प बसतो. कोणी कॉकपिटचे दार वाजवून ‘जरा लवकर उतरवा हो, पाहुणे आलेत’ म्हणत नाही. रुग्णालयात सगळे उलटे. डॉक्टरांच्या तक्त्यासाठी सरकार, आयोग, अधिष्ठाते या सगळ्यांना धारेवर धरता येईल, धरावेच. पण एक तक्ता आपल्या घरातही आहे. लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाच्या वाटीवरून डॉक्टरला मूळव्याध दाखवू पाहणारे आपणच. रात्री दोन वाजता ‘सहज विचारायचं होतं’ म्हणून फोन करणारेही आपणच. समजा, उद्या सगळे नियम लागू झाले, जागा भरल्या, आणि रात्री कॅज्युअल्टीत सिस्टरने नातेवाइकांना सांगितले की मोठ्या डॉक्टरांची ड्यूटी संपली, ते झोपलेत, त्यांच्या जागी दुसरे ताजेतवाने डॉक्टर आलेत आणि तेच तुमचा पेशंट बघताहेत. नातेवाईक सगळे नीट ऐकून घेतील, मान डोलावतील, हे चांगलेच झाले म्हणतील, आणि मग आवाज खाली आणून विचारतील, ‘ते बरोबर आहे सिस्टर, पण त्या झोपलेल्या डॉक्टरांना एकदा विचारून घेता येईल का?’